काडीचं दुसरं टोक

"कोर्टात पुकारा करतोस ना बे? मग हितं बी कर. सांग तुझ्या बहिणीला, गप बस म्हणून."

अण्णा असं म्हणाला आणि ओट्यावरचे सगळे हसले.

देवीच्या देवळापुढचा ओटा. भर दुपार. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर आमच्या जातीचे पाच पंच, मधोमध पंचांचा म्होरक्या अण्णा. मोठी जमीन, दोन ट्रॅक्टर, पुढाऱ्यांत ऊठबस. सगळा भाग त्याला अहो-जाहो करतो. मीही जन्मभर केलं. इथं करणार नाही.

मी पंचांपुढं मांडी घालून बसलेला. आणि माझी धाकटी बहीण द्वारका खाली, पायऱ्यांपाशी, सगळ्यांनी चपला काढल्या होत्या तिथं. बाईनं ओट्यावर चढायचं नाही, हा आमच्या पंचायतीचा नियम. बाईनं पंचांशी बोलायचंही नाही. तिच्या वतीनं बाप बोलतो. बाप नसला तर भाऊ. तिचं नावसुद्धा ओट्यावर घेत नाहीत. ह्याची बहीण, त्याची बायको, एवढंच.

आमचा बाप गेलेला. म्हणून मी.

द्वारकानं काय गुन्हा केला होता? ती उभी राहिली होती. चपलांमधून उठली आणि म्हणाली, "मला इचारा की. नांदायचं मला हाय. दादाला काय इचारता?"

त्यावर अण्णाचं ते वाक्य.

मी तालुक्याच्या कोर्टात शिपाई आहे. हॉलच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे माझं काम. माझा आवाज मोठा. वकील म्हणायचे, तुमचा पुकारा रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू येतो. मला त्या आवाजाचा अभिमान होता. त्या दुपारी मी ओट्यावर उभा राहिलो, बेंबीच्या देठापासून तोच आवाज काढला आणि माझ्या बहिणीवर ओरडलो.

"शांतता राखा! बाई, खाली बसा!"

लोक पोट धरून हसले. "आयला, कोर्टच भरलं की बे हितं!" मागून कुणीतरी म्हणालं. अण्णानं मांडीवर थाप मारली.

मीसुद्धा हसलो.

हे एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. बाकीचं सगळं मी मनातल्या मनात कितीदा तरी लिहिलं. हे टाळत आलो. मीसुद्धा हसलो.

द्वारका खाली बसली.

तिचं सासर सिरसाळ्याकडं. नवरा नामदेव. दर वर्षी दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. बारा वर्षं ती त्याच्या कोयत्याची अर्धी बाजू होती. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत वाहायची. त्या बारा वर्षांत गावात दोन खोल्या उभ्या राहिल्या. विटा तिनं वाहिल्या, भिंतींना पाणी तिनं मारलं. मग एका हंगामाला नामदेव एकटाच गेला आणि दुसरी बाई घेऊन परत आला. द्वारकाला म्हणाला, "तू आता भावाकडं जा."

ती म्हणाली, "घर माझं हाय. मी कावून जाऊ?"

कोर्टात गेला असता तर नामदेवला दोन बायकांचा जाब द्यावा लागला असता. तो कोर्टात कशाला जाईल? तो अण्णाच्या ट्रॅक्टरवर होता. अण्णाकडं गेला. पंचायत बसली. पंचांनी ठरवलं, काडीमोड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात ही काडी खरीखुरी असते. कडब्यातली ज्वारीची वाळलेली काडी. ती देवीच्या पायाशी ठेवतात, भंडारा लावतात. मग एक टोक नवरा धरतो, दुसरं टोक बाईचा बाप नाहीतर भाऊ. दोघं मिळून मोडतात. कट्‌ असा आवाज होतो आणि लग्न संपतं. मग दोन्हीकडची माणसं भंडारा उचलून शपथ घेतात, की हे प्रकरण पोलिसात नेणार नाही, कोर्टात नेणार नाही. ज्या बाईचं लग्न, तिचा काडीला हात लागत नाही. लागला तर काडी बाटते म्हणे.

आणि देवळात आत कोण बसलंय? बाईच. तिला साडीचोळी, तिला नथ, तिला नवस. आणि बाहेर तिच्यासमोर बाईनं चपलांत बसायचं.

मी काडी धरली. नामदेवनं दुसरीकडून धरली. माझा हात कापला नाही. कापला असता तर आज सांगायला तेवढं तरी असतं.

का धरली? त्याच महिन्यात माझ्या पोरीची सोयरीक जुळत होती. जातीतलीच, चांगलं घर. पंचांनी आडकाठी केली असती तर मोडली असती. आदल्या दिवशी अण्णा मला बाजारात भेटला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरीचं कुंकू हाय म्हणं पुढच्या आठवड्यात? लई चांगलं झालं." एवढंच. अण्णा धमकी देत नाही. चौकशी करतो.

काडी मोडली. नामदेव म्हणाला, "सुटलो बाबा." एका बाँडपेपरवर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर मी सही केली. द्वारकाचा अंगठा मागितला नाही. तिला सही करता येते, हे तिथं कुणाला माहीतच नव्हतं.

पायऱ्या उतरून खाली आलो. पन्नास-साठ चपलांच्या ढिगातून द्वारकानं माझ्या चपला शोधून काढल्या होत्या. सरळ करून माझ्या पायापुढं ठेवल्या.

"घाल," म्हणाली.

मी घातल्या.

त्यानंतर ती आमच्या तेलगावाकडच्या जुन्या घरात राहिली. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची, खुरपायला जायची. दर भाऊबिजेला मी जायचो. ती ताट वाढायची. ओवाळायची नाही. पहिल्या वर्षी म्हणाली, "औंदा शिवायचं न्हाई मला." दुसऱ्या वर्षी तेच. पुढंही तेच. दर भाऊबिजेला पाळी येते का कुणाला? मी मान हलवायचो, जेवायचो, परत यायचो.

आणि रोज सकाळी मी कोर्टात. रोज दारात उभा. बाया यायच्या, सांगायच्या की आमची काडीमोड झाली, पंचांनी केली, आम्हाला कुणी विचारलं नाही. न्यायाधीश मॅडम विचारायच्या, तुमची संमती होती का? मी दारात उभा राहून ऐकायचो. पंचांनी कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असं पोस्टर आमच्या व्हरांड्यात लावलेलं आहे. खळ लावून भिंतीला मीच चिकटवलं. सरळ लागलं का बघायला दोन पावलं मागं येऊन उभा राहिलो होतो. पोस्टर सरळ होतं.

कायदा मला माहीत नव्हता, असं मला म्हणता येत नाही. कायद्याच्या दारात उभं राहायचा मी पगार घेतो.

मग मागच्या वर्षी एका सोमवारी त्या दिवसाचा बोर्ड हातात आला. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. मी नेहमीसारखा पुकारत गेलो. अकरावं प्रकरण. अर्जदार, द्वारकाबाई भ्रतार नामदेव.

माझी बहीण. मला न सांगता ती सरकारी मदतीच्या वकील बाईंकडं गेली होती. तिनं अर्ज केला होता, की मी नामदेवची लग्नाची बायको आहे, मला माझ्या घरात राहायचंय आणि मला पोटगी पाहिजे.

मॅडमनी वर बघितलं. "पुकारा करा."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझा पुकारा दाराबाहेर गेला नाही. मॅडम म्हणाल्या, "मोठ्यानं." मी पुन्हा पुकारलं. जिना चढून द्वारका आली. डोक्यावरून पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या अंगावरून आत गेली आणि थेट मॅडमच्या समोर उभी राहिली.

मॅडमनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

तिला. तिचं नाव. मी दाराची कडी धरून उभा होतो.

नियमानं मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, की ही माझी बहीण आहे, मला या हॉलमधून हलवा. सांगितलं नाही. दोन तारखा मी तिचं नाव परक्या बाईचं पुकारावं तसं पुकारलं. गप्प राहायची सवय लागली की ती सगळीकडं पुरते.

तिसऱ्या तारखेच्या आधी नामदेवच्या वकिलानं उत्तर दाखल केलं. की आमची रीतसर काडीमोड झाली आहे, बाईच्या राजीखुशीनं झाली आहे, तिनं घरावरचा हक्क सोडला आहे, आणि काडी तिच्या सख्ख्या भावानं मोडली आहे. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं.

अण्णा टपरीवर भेटला. चहा त्यानंच सांगितला.

"काय न्हाई, फकस्त हो म्हणायचं. काडी मोडली का? हो. बहीण हजर व्हती का? हो. खोटं हाय का ह्यात काही?"

खोटं काहीच नव्हतं. हीच तर गंमत.

"रविवारी देवळावर ये," अण्णा म्हणाला. "कागद तयार हाय. देवीसमोर सही कर. अन् पोरगी कशीय? सासरी नीट हाय ना?"

चौकशी.

मी रविवारी गेलतो. हे मुद्दाम लिहितो. कुणाला वाटेल, पुकाऱ्याच्या दिवशी माझे डोळे उघडले. नाही. मी सही करायला गेलतो. खिशात पेन नेलं होतं.

तोच ओटा, तीच सतरंजी. नामदेव भिंतीला टेकून मोबाईल बघत होता. अण्णानं टाइप केलेलं शपथपत्र पुढं सरकवलं. मी वाचायला लागलो. 'माझी बहीण सदर बैठकीस स्वखुशीने उपस्थित होती व तिच्या पूर्ण संमतीने...'

तिथं मी थांबलो. पायऱ्यांकडं बघितलं. चपला तशाच. ढीगच्या ढीग.

"ती कुठं बसलती, ते लिहिलं न्हाई ह्यात," मी म्हणालो.

"आँ?"

"उपस्थित होती म्हणता. कुठं होती, ते लिहा की. चपलात बसलती म्हणून."

"त्ये कावून पायजे कोर्टाला?"

"अन् ती काय म्हणाली, ते बी लिहा. मला इचारा, असं म्हणाली होती."

नामदेवनं मोबाईल खाली ठेवला. अण्णा मात्र हसला. सगळीकडं नजर फिरवून, सगळ्यांना हसण्यात घेऊन म्हणाला, "अरे, शिपायाचा साहेब झाला की रं! बे, तू पट्टेवाला हायस. तुझं काम काय? पुकारा करायचा अन् दार धरायचं. कर एकदा पुकारा, कर. अन् सही करून घरी जा."

सगळे हसले. सात वर्षांपूर्वीचंच हसू. त्यात माझ्या हसण्याची जागासुद्धा राखून ठेवलेली. सगळे माझ्याकडं बघत होते, की आता हा हसेल.

मी उठलो. देवळाकडं पाठ केली, गावाकडं तोंड केलं.

"द्वारकाबाई भ्रतार नामदेव, हाजिर हो!"

पहिल्या पुकाऱ्याला ते हसले. त्यांना गंमतच वाटली.

"द्वारकाबाई भ्रतार नामदेव, हाजिर हो!"

दुसऱ्याला हसू थांबलं. मला ऐकू आलं ते थांबलेलं.

कोर्टात नाव तीनदा पुकारतात. मी तिसऱ्यांदा पुकारलं, आणि गळ्याच्या शिरा तटतटल्या. हापशावरची एक म्हातारी कळशी तशीच ठेवून इकडं बघायला लागली. समोरच्या घराच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. त्या ओट्यावरून बाईचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"नाव घेतलंस," अण्णा म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. "देवीच्या ओट्यावर बाईचं नाव घेतलंस."

"घेतलं."

"फितूर झालास."

"ते सात वर्षांमागं झालतो. तवा तुमी टाळ्या दिल्या."

सतरंजीवर कागद तसाच होता. पेन खिशातच राहिलं. माझ्या चपला कुणीतरी लाथेनं गटारीकडं उडवल्या होत्या. मी त्या शोधल्या नाहीत.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुम्ही पहिल्या तारखेला का नाही सांगितलं?" लेखी खुलासा मागितला, मी दिला. मला रेकॉर्ड रूमला टाकलं. तिथं पुकारायला कुणी नाही, गठ्ठे आहेत. मग द्वारकाच्या वकील बाईंकडं गेलो आणि म्हणालो, मला साक्षीला बोलवा. वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुम्ही तर त्यांचे साक्षीदार होता ना?"

"होतो."

साक्षीच्या दिवशी नामदेवच्या वकिलानं उलटतपास घेतला. मी उत्तर द्यायचो, मॅडम ते कोर्टाच्या भाषेत लिहायला सांगायच्या. हे म्हणणे खरे आहे की, काडी मी मोडली. हे म्हणणे खरे आहे की, मी भंडारा उचलून शपथ घेतली. हे म्हणणे खरे आहे की, माझ्यावर कोणी हात उगारला नव्हता.

वकील खूश झाले. "म्हणजे तुम्ही राजीखुशीनं काडी मोडली."

"हो. मी. माझी राजीखुशी होती. तिची नव्हती. तिला कुणी विचारलं नाही. ती बोलायला उठली, तर मीच ओरडून तिला खाली बसवलं."

टायपिस्टनं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "जसं म्हणाले तसं घ्या."

बाहेर व्हरांड्यात द्वारका उभी होती, त्या पोस्टरखाली. मी जवळ गेलो. मला वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही. लाज वाटते.

ती म्हणाली, "आज बोललास, ते चांगलं केलंस. पण दादा, तू त्या दिवशी हसलास. मी खालून बघितलं. त्ये मी इसरले न्हाई, अन् इसरणार बी न्हाई."

पिशवी काखेत घेऊन ती जिना उतरली. तिला एस.टी. गाठायची होती.

निकाल अजून यायचा आहे. आम्हाला वाळीत टाकलंय. कुणी तसं म्हणत नाही. फक्त लग्नाच्या पत्रिका येत नाहीत, मयतीचा निरोप येत नाही, बायकोला गिरणीवर कुणी बोलत नाही. पोरीचं माहेरी येणं सासरच्यांनी बंद केलं. एकदा तिचा फोन आला. "आत्यासाठी माझा बळी दिलात का बाबा?" म्हणाली आणि ठेवला. तिचं खोटं नाही. आधी तिच्यासाठी मी आत्याचा दिला होता. दोन्ही वेळा ठरवलं मी. दोघींपैकी एकीलाही विचारलं नाही.

लोक म्हणतात, बास की आता. साक्ष दिली, मन मोकळं झालं. माझं मन मोकळं करायला ती बाई चपलांत बसली नव्हती. तो ओटा अजून तिथंच आहे. येत्या अमावस्येला तिथं पुन्हा बैठक आहे, एका तेवीस वर्षांच्या पोरीची काडी मोडायची आहे. तिच्या बापाला मी ओळखतो. त्यालाही अण्णा बाजारात भेटला असेल. खांद्यावर हात ठेवून चौकशी केली असेल.

म्हणून आज सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. फिर्याद लिहून द्यायला. पंचांची पाचही नावं सांगितली, अण्णाचं पूर्ण नाव सांगितलं, नामदेवचं सांगितलं. अमावस्येच्या बैठकीची वेळ सांगितली. जमादार लिहीत होते.

"बास? झाली नावं?"

"न्हाई. पहिल्या नंबरची जागा सोडायला सांगितलती मी. तिथं माझं घाला."

जमादारांनी पेन उचललं. "अहो, तुम्ही फिर्यादी. आरोपीत तुमचं नाव कसं घालू? नोकरी जाईल तुमची."

"साहेब, काडीला दोन टोकं असतात. एक नामदेवच्या हातात होतं."

ते म्हणाले, "बघा हं. एकदा लिहिलं की मला खोडता येणार नाही."

"खोडू नका."

त्यांनी कागद पुढं ओढला. "सांगा. पूर्ण नाव."

मी सांगितलं. पुकाऱ्याच्या आवाजात सांगितलं.